हापशीचा नट आणि चौदाचा पाना

अवजारांना वाचा होती तेव्हाची ही गोष्ट. एका पेंगुळल्या दुपारी गावची हापशी बंद पडली. आतलं चामडं बदलायचं, तर झाकणाचा शेवटचा नट निघायला हवा, आणि तो काही केल्या फिरेना. चिमण्या चोची उघड्या टाकून बसल्या होत्या.

चौदाचा पाना ऐटीत पुढे आला. "फटीत पत्र्याचा तुकडा कोंबला की मी कुठंही बसतो."

"चौदाभाऊ, माझं माप तेराचं," नट म्हणाला. "मला कोपरे सहाच. ते झिजले की मी कुणाच्याच पकडीत यायचा नाही."

पण पाना फिरला, सटकला आणि एक कोपरा गुळगुळीत झाला. त्याने जाड पत्रा घेतला, तसा दुसराही गेला.

तेव्हा अवजारांच्या पेटीच्या तळातून तेराचा पाना हळूच वर आला.

"इतका वेळ कुठं होतास?" नटाने विचारलं.

"मला कुणी हाकच मारली नाही."

"मोठा मानकरी! तू आमंत्रणाची वाट बघ, इकडे माझे दोन कोपरे गेले."

निजलेल्या बाळाच्या गालाला हात लावावा तसा तेरा नटावर बसला, आणि नट फिरला.

संध्याकाळी धार पडू लागली. चौदा ओट्यावर एकटाच बसला होता. "माझाही कुणी असेल का रे?"

"असेल की," नट म्हणाला. "कुठंतरी सहाही कोपरे सांभाळत तुझी वाट बघत असेल. जाताना पत्रा मात्र इथंच टाक."