उडत्या पोरीचं बारसं

एका राज्यात, जिथले डोंगर निळे आणि माणसं हौशी, तिथे चित्ररथ नावाचा राजा राज्य करीत होता. त्या राज्यात कोणतीही चांगली गोष्ट मुकाट्याने घडत नसे. विहिरीला पाणी लागलं, बोलवा वाजंत्र्यांचा ताफा. गाय व्याली, बोलवा ताफा. रुसून माहेरी गेलेली सून परत आली, तरी वेशीपासून दारापर्यंत सनई आणि संबळ, आणि सून बिचारी लाजून चूर. शेजारीपाजारी नाकं मुरडायचे, काय हे नसते थेर म्हणायचे, आणि पहिल्या पंक्तीला पाट धरून तेच बसायचे.

त्या साऱ्या ताफ्यांत नावाजलेला ताफा हौसा आणि तुळाजी या नवराबायकोचा. तुळाजी सनई वाजवी. बोलण्याचं काम त्याने बायकोवर सोपवलेलं होतं, आणि तिने ते आनंदाने पत्करलं होतं. हौसा संबळ वाजवी. तिच्या काठ्या कातड्यावर पडल्या की मानपानावरून भांडणारे व्याही भांडण विसरत आणि एकमेकांच्या गळ्यात पडत. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर तिला मुलगी झाली. गोरीगोमटी नव्हती, पण आईला काय त्याचं. हौसा तिच्याकडे बघायची आणि बघतच बसायची.

आता ताफेवाल्यांची एक रीत होती. आपल्या दारी आपण वाजवायचं नाही. जन्मभर दुसऱ्याच्या मांडवात घाम गाळायचा, पण आपल्या घरचं कार्य असलं की दुसरा ताफा बोलवायचा आणि आपण यजमान होऊन ऐटीत बसायचं. हौसा या ताफ्याकडे गेली, त्या ताफ्याकडे गेली. दिवस लग्नसराईचे, सगळे गुंतलेले. "राहू दे," ती म्हणाली, "बारसं पुढच्या महिन्यात करू. पोर कुठे पळून चाललीय?"

असं म्हणू नये हो माणसाने. पण म्हणाली खरी.

त्याच सुमारास काळजोगी नावाचा एक मांत्रिक दरबारात आला. राजा चित्ररथ मनाने वाईट नव्हता, जपणारा होता. नवा मुकुट खराब होईल म्हणून तो पेटीत ठेवी आणि जुनाच डोक्यावर घाली. जोग्याने हे बरोबर हेरलं.

"महाराज," जोगी म्हणाला, "उत्सव एका दिवसात सरतो. मागे काय उरतं? उष्ट्या पत्रावळी. तुमच्या राज्यातले सारे उत्सव मला द्या. एकेकाचं मी रत्न करीन. रत्न सरत नाही."

"आणि प्रजेला उत्सव हवा झाला तर?"

"माझ्या डोंगरात कोठार आहे. लागेल तेव्हा काढू."

"हे शहाणपणाचं आहे," राजा म्हणाला. "दिले."

शब्द दिला आणि राज्यातली वाद्यं मुकी झाली. हौसा एका मांडवात संबळावर काठी मारीत होती, ती काठी जणू गादीवर पडली. तुळाजीने गाल फुगवले, सनईतून नुसता वारा आला. त्या मांडवातलं लग्न जोग्याच्या डोंगरात माणिक होऊन पडलं. मग बारशांचे मोती झाले, डोहाळजेवणांचे पाचू झाले. कोठार भरू लागलं.

आणि राज्य हळूहळू बिघडू लागलं. वाजंत्रीवाचून ज्यांची लग्नं उरकली ते नवराबायको रोज सकाळी उठून एकमेकांना विचारू लागले, "आपण कोणाकडचे?" नव्या धान्याच्या भाकरीला चव राहिली नाही. ज्या पोरांची बारशी झाली नव्हती, त्यांना वाजंत्रीवाचून नाव चिकटेना, आणि नाव नाही म्हणून वजन येईना. पोरं दिवसेंदिवस हलकी होत गेली. एका तेलिणीचं बाळ पाळण्यातून उठलं ते आभाळात दिसेनासं झालं.

हौसाने पोरीच्या कमरेला दोरी बांधली आणि पाळण्याच्या दांडीला गाठ मारली. दुपट्यात वरवंटा ठेवला. काही दिवसांनी पोर वरवंट्यासकट वर उठू लागली. दोरी हातात धरून, डोक्यावर पतंगासारखी तरंगणारी पोर घेऊन, हौसा तरातरा दरबारात गेली. मागोमाग तुळाजी.

"महाराज," ती म्हणाली, "हे बघा तुमचं शहाणपण."

राजाने वर पाहिलं. पोर मजेत पाय झाडीत होती. राजाचे डोळे भरून आले.

"हौसाबाई, माझी चूक झाली. दिलेला शब्द परत घ्यायला रोज उठतो. त्या एका वाक्यापुरती माझी वाचा जाते. म्हणशील तर सैन्य देतो."

नगारखान्याच्या कोनाड्यात एक साळुंकी राहत असे. तिला बोलता येई, पण दरबारात कोणी विचारत नसल्यामुळे ती गप्प असे. ती म्हणाली, "सैन्य नको. जोग्याच्या डोंगराला तीन दारं आहेत आणि प्रत्येक दारावर एक राखणदार. राखणदाराला आनंद झाला तरच दार उघडतं. तलवार बघून आजवर कोणाला आनंद झालाय?"

"वाद्यं मुकी आहेत, साळूबाई," हौसा म्हणाली. "आम्ही आनंद करायचा कशाने?"

"ते मला काय ठाऊक? मी पाखरू."

तेव्हा हौसाने मुका संबळ कमरेला बांधला, तुळाजीने मुकी सनई शेल्यात खोवली, पोरीची दोरी हौसाने आपल्या मनगटाला गुंडाळली, आणि दोघं डोंगराच्या वाटेला लागली.

पहिल्या दारावर एक नाग वेटोळं घालून बसला होता. शेजारी त्याची कात पडली होती आणि अंग कसं लखलखत होतं.

"मागे फिरा," नाग म्हणाला.

"आजच कात टाकलीत वाटतं?" हौसाने विचारलं.

"आजच."

"आणि असे एकटे बसलात? अंगावर कोरं करकरीत नेसलात आणि कोणी ओवाळलंसुद्धा नाही?"

नागाने फणा खाली केला. "एवढ्या काती टाकल्या बाई, पण आजवर कोणी विचारलं नाही."

हौसाने आपल्या कपाळाचं कुंकू बोटाने घेऊन त्याच्या फण्याला लावलं. पोरीसाठी आणलेलं दूध पानाच्या द्रोणात ओतून पुढे ठेवलं. तुळाजीने, जो कधी बोलत नसे, नागाभोवती एक फेरी मारून त्याला नीट न्याहाळलं आणि म्हटलं, "शोभतं हो तुम्हाला." नाग इतका लाजला की त्याचं वेटोळं सुटलं. दार उघडलं, आणि नाग म्हणाला, "मीही येतो. इथे बसून काय करू?"

दुसऱ्या दारावर एक राक्षसीण चुलीपुढे बसली होती. भोवती जळक्या, फाटक्या, वेड्यावाकड्या भाकऱ्यांचा डोंगर. आणि हातात एक भाकरी, गोल, टम्म फुगलेली. ती हातात धरून राक्षसीण तिच्याकडे टक लावून पाहत होती.

"कोण आहे तिकडे? खाऊन टाकीन," ती म्हणाली, पण तिचं मन त्यात नव्हतं.

"वन्सं," हौसा म्हणाली, "किती सुरेख भाकरी. पहिलीच का?"

राक्षसिणीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "पहिलीच. जन्म गेला ही जमवण्यात. आणि जमली तर दाखवायला कोणी नाही."

मग काय विचारता. हौसाने तिथेच बैठक मारली. भाकरीचे चार तुकडे केले, कांदा फोडला, नागालासुद्धा वाढलं. "अशी भाकरी आमच्या पंचक्रोशीत नाही," ती म्हणाली, आणि हे खोटं नव्हतं, कारण पंचक्रोशीतल्या भाकरीची चव जोग्याने नेली होती. राक्षसीण पदर खोचून एवढी नाचली की डोंगर हादरला आणि दाराची कडी आपोआप निघाली. तीही बरोबर निघाली. वन्सं म्हटल्यावर ती काय मागे राहते?

तिसऱ्या दाराला कवाडच नव्हतं, कारण तिथला राखणदार जोगी स्वतः होता. आत मोठं अंगण होतं, वरून आभाळाला उघडं. अंगणात रत्नांच्या राशी. कान लावला तर एकेका रत्नात बारीक सनई ऐकू यावी, कुणाचं हसू, कुणाची "आणखी एक घ्या हो" म्हणणारी विनवणी. मधोमध काळजोगी बसला होता. त्याच्या कफनीला खिसेच खिसे, आणि प्रत्येक खिशात धोंडा.

"दोघांना फितवलंत," जोगी म्हणाला. "मला कशानेच आनंद होत नाही. परत जा."

हौसाने ते धोंडे पाहिले. मग वर तरंगणाऱ्या आपल्या पोरीकडे पाहिलं.

"जोगीबुवा," तिने हळूच विचारलं, "तुमचं बारसं झालं होतं का हो?"

जोग्याने खिशातला एक धोंडा चाचपला. "आईबाप म्हणाले होते, पुढे करू. मग एक दिवस मी खिडकीतून वर निघालो. एका झाडाला अडकलो म्हणून वाचलो. काळजोगी हे नाव नव्हे, लोक तसं म्हणतात. मला वाटलं, साऱ्या राज्याचे उत्सव गोळा केले तर त्यांतला एखादा मला लागू पडेल. एकही पडला नाही."

एवढ्यात, दाराच्या खडकावर घासून घासून विरलेली दोरी तटकन तुटली.

पोर वर निघाली. तुळाजीने उडी मारली, हात पोचला नाही. राक्षसीण टाचा उंचावून उभी राहिली, तिचाही पोचला नाही. नाग शेपटीवर ताठ उभा राहिला, तोही तोकडा पडला. हौसा हात वर करून पोरीखाली धावत राहिली.

जोग्याने एकदा आपल्या राशींकडे पाहिलं. मग भराभरा खिशांतले धोंडे काढून फेकले आणि तो भुर्रकन वर गेला. आभाळाच्या अर्ध्या वाटेवर त्याने पोरीला पकडलं आणि छातीशी धरलं.

"धरली," तो वरून ओरडला. "पण खाली कसं यायचं ते मला ठाऊक नाही."

दोघं तशीच वर चालली.

"नाव ठेवलं की याल," हौसा ओरडली. "वाद्यांचा आवाज सोड."

"सोडला तर ही सारी रत्नं फुटतील. जन्माची कमाई आहे."

"सोड बाबा. पोर तुझ्या हातात आहे माझी."

पोरीने जोग्याची दाढी घट्ट धरली होती आणि बोळकं पसरून ती त्याच्याकडे बघून हसत होती. जोग्याला आजवर कोणी धरलं नव्हतं. त्याने डोळे मिटले आणि मंत्र उलटा म्हटला.

हौसाने काठ्या उचलल्या. तुळाजी सनई ओठाशी नेता नेता थबकला.

"हौसे, हे आपल्या पोरीचं कार्य. आपली रीत..."

"चुलीत गेली रीत," हौसा म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "राजाला बोल लावत मी इथवर आले. पण पोर जन्मली त्या दिवशी हा संबळ माझ्या घरातच होता. माझे हात धड होते. मी वाजवलं असतं तर माझी लेक आज मातीत रांगत असती. फुंक तू."

आणि तिने संबळावर काठी मारली. कातडं घुमलं. इतके दिवस कोंडलेला आवाज असा सुटला की डोंगरावरची झाडं खालपासून वरपर्यंत थरारली. तुळाजीची सनई त्यावर चढली आणि वर वर जात राहिली, त्या दोघांच्या मागे.

बारशाला नाव आत्या ठेवते. वन्सं होतीच. कानात कुर्र करायला कान कुठे जवळ होता? तेव्हा राक्षसिणीने दोन्ही हातांचा कर्णा केला आणि आभाळाला ऐकू जाईल असं "कुर्रर्र" केलं.

"पोरीचं नाव केतकी," ती गरजली. "आणि तुझं रे, भिवा."

"भिवा?" वरून जोग्याने विचारलं. "एवढं साधं?"

"हाक मारायला सोपं पडतं."

बारशाला आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. ते नागाने शेपटीने मनापासून घातले. हौसा वाजवत होती, रडत होती, हसत होती, आणि मान वर करून एकटक बघत होती. आधी वाटलं भास आहे. मग जोग्याची पावलं दिसू लागली. मग केतकीचे तळवे. दोघं हळूहळू, कापूस उतरावा तशी उतरली, आणि जमिनीला टेकली.

तिथे राशीतली रत्नं फुटू लागली. माणकातून लग्नं निघाली, मोत्यातून बारशी, आणि वाजत गाजत डोंगर उतरून आपापल्या घरी गेली. घराघरांत सनई वाजू लागली. नवराबायकोंनी एकमेकांना ओळखलं आणि काहींनी लगेच भांडायलाही सुरुवात केली. तेलिणीचं बाळ कुठल्याशा ढगातून उतरलं, थेट तिच्या ओटीत. राजाने पेटी उघडून नवा मुकुट घातला आणि घुगऱ्या वाटायला स्वतः उभा राहिला. पहिली पंगत त्याने साऱ्या ताफेवाल्यांची बसवली. राक्षसिणीने भाकऱ्या भाजल्या. बऱ्याचशा वाकड्या झाल्या, पण कोणी काही बोललं नाही.

भिवा तुळाजीच्या सनईमागे सूर धरायला ताफ्यात राहिला. त्याला दम चांगला होता.

त्या दिवशी हौसाने संबळ खाली ठेवला आणि केतकीला उचलून घेतलं. पोर जड होती, चांगली जड, झोप लागून आणखी जड झालेली. दुपार कलली तसे हौसाचे खांदे भरून आले, मग हातांना मुंग्या आल्या. बायका म्हणाल्या, "दे की जरा आमच्याकडे." तुळाजीने पाळणा पुढे ओढला. हौसाने मान हलवली, आणि सारी पंगत उठेपर्यंत पोर खाली ठेवली नाही.

तिचे हात भरले तसे ऐकणाऱ्यांचे भरोत, सांगणाऱ्याचेही भरोत, आणि कुणाच्या घरचं काही राहून गेलं असेल तर त्याच्या दारी उद्याच ताफा वाजो.