पागोटी आणि चुंबळ

डोंगराच्या कुशीत एक गाव होते. तिथे मत द्यायची रीत मोठी सोपी होती. बेत मान्य असेल त्याने डोक्यावरचे काढून पारावर उजवीकडे ठेवायचे, नसेल त्याने डावीकडे. मग पागोटी मोजायची. बायका पागोटे बांधत नाहीत, म्हणून त्यांना मत नाही. यात कोणाला काही वावगे वाटत नसे. निदान पुरुषांना तरी.

एका उन्हाळ्यात पाटलाने गावाची विहीर आपल्या उसासाठी मागितली. "पिण्याचं पाणी ओढ्यावरून आणता येईल. कोसभर तर वाट आहे!" तो म्हणाला. ती वाट खोल घळीतून जात होती. मागच्याच साली तिथे एक बाई घागरीसकट कोसळली, ती पुन्हा उठली नाही.

विहिरीवरून येणाऱ्या बायका पाराखाली थबकल्या. त्यांत सगुणा होती, आणि आठ महिन्यांची गरोदर असलेली तिची सून.

पाटलाशी वैर कोण घेणार? पागोट्यामागून पागोटे उजवीकडे पडले. सगुणेच्या नवऱ्याने, येसाजीनेही, मान खाली घालून आपले तिथेच ठेवले. उजवीकडे तीस, डावीकडे अकरा.

म्हातारा कारभारी निकाल सांगायला उठला, तोच सगुणा पाराची पायरी चढली. आजवर एकही बाई ती चढली नव्हती.

"घरी जा!" येसाजी कापऱ्या आवाजात म्हणाला.

सगुणेने डोक्यावरची घागर उतरवली. घागरीखालची चुंबळ काढून डावीकडे ठेवली.

"डोक्यावरचं ठेवायचं ना, कारभारी? सात वर्षांची होते तेव्हापासून माझ्या डोक्यावर हीच आहे."

पाटील उसळला. "कारभारी, फडकं मोजाल तर याद राखा!"

कारभारी वाकला. त्याने आधी एक पागोटे चाचपले, मग चुंबळ. त्याची बोटे ओली झाली.

"पागोटं तरी फडक्याचंच असतं, पाटील," तो हळूच म्हणाला. "आणि निवाडा पाण्याचा आहे. इथली एकूणएक पागोटी कोरडी आहेत."

मग खालच्या बायका हलल्या. एकेक ओली चुंबळ पारावर येऊ लागली. शेवटी सून आली, एक हात पोटावर ठेवून. येसाजीने तिला हात देऊन वर घेतले. मग स्वतःचे पागोटे उचलले आणि डावीकडे ठेवले.

मोजणी पुन्हा झाली, तेव्हा डावी बाजू भारी ठरली. विहीर गावाचीच राहिली.

तात्पर्य: ज्याच्या डोक्यावर ओझे, त्याचे मत आधी मोजावे, पण ते कोणी मागायला येत नसते, पायरी चढून आपणच ठेवावे लागते.