नगराध्यक्षांचा पांढरा सदरा

नळाच्या पाण्याने चिंगूमावशी परटिणीच्या नातीला जुलाब लागले होते. गटारातून गेलेला फुटका पाइप बदला, असं सांगायला मावशी नगराध्यक्ष तात्यासाहेबांकडे गेली. झोपाळ्यावरून न उठता ते म्हणाले, "मावशी, पाणी अगदी स्वच्छ आहे. उगाच गावाचं नाव खराब करू नका!"

मावशीने त्यांच्या धुण्याचं बोचकं उचललं. एरवी ती त्यांचे कपडे मळ्यातल्या विहिरीवर धुवायची. या खेपेला तिने गल्लीतला नळ सोडला.

दुसऱ्या दिवशी मावशी धुणं घेऊन आली. स्वतःच्या सत्काराला निघताना तात्यासाहेबांनी त्यातला पांढरा सदरा उलगडला. तो पिवळा पडला होता आणि त्याला गटाराचा वास येत होता.

"मावशी, हे काय घातलंत धुण्यात?"

"काही नाही हो. साबण, नीळ आणि आपल्या नळाचं पाणी."

"मग हा डाग आला कुठून?"

"डाग?" मावशीने सदरा उजेडात धरला. "पाण्यात जे नाहीच, ते सदऱ्यावर कसं येईल, तात्यासाहेब? मला तर पांढराशुभ्र दिसतोय. घाला बघू, तिकडे लोक हार घेऊन खोळंबलेत."

तात्यासाहेब खो-खो हसत सुटले. मग बनियनवरच त्यांनी पाणीखात्याला फोन लावला, "तो पाइप आजच्या आज बदला!"