बगळ्याचं क्रियापद

फार पूर्वी प्राणी "येतो" किंवा "येत नाही" असं सरळ सांगत. मग शाळेच्या छपरावर राहून आलेल्या बगळ्याने त्यांना एक इंग्रजी क्रियापद शिकवलं. "ट्राय करणे. समानार्थी शब्द: बघतो, जमवतो, जमलं तर येतो. उपयोग: समोरचा रागावत नाही आणि आपल्याला जावंही लागत नाही."

पुढे तळ्याचा बांध झिरपू लागला. कासवआजीने सगळ्यांना माती टाकायला बोलावलं.

"ट्राय करतो," बेडूक म्हणाला.

"बघतो," खेकडा म्हणाला.

आजी एकटीच माती ओढत राहिली, आणि शेवटी बांध फुटला.

पाणी वाहून गेलं. उरलेल्या चिखलात बगळ्याचे पाय रुतले आणि काठावर कोल्हा येऊन बसला.

"आजी, ओढ ना मला बाहेर!" बगळा ओरडला.

"ट्राय करते हो, बाळा," आजी मायेने म्हणाली आणि दुसऱ्या तळ्याच्या वाटेला लागली.