रॅमची पट्टी

“मेली म्हणजे? चांगली धडधाकट दिसते की!”

सहजनाथबाबांनी ती बोटभर लांबीची हिरवी पट्टी उजेडात धरून उलटसुलट केली. ना ओरखडा, ना जळल्याचा डाग. तिचे सोनेरी दात नुकते घासल्यासारखे चमकत होते.

“दिसायला तशीच राहते, बाबा. पण गेली ती.” हेरंबने मान वर केली नाही.

मठाच्या ओसरीवर जुनापुराणा लॅपटॉप पालथा पडला होता. पोटाचं झाकण उघडं, स्क्रू वाटीत. तसलं मॉडेल आता कुणी बनवत नाही. हेरंबने शहरातला भंगारबाजार पालथा घालून त्यात बसतील अशा रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, दोन पट्ट्या मिळवल्या होत्या. त्यातली एक सकाळीच कामातून गेली. दुसरी अजून वेष्टनातच होती.

बाबांनी निरूपण करायचं आणि शिवदासबुवांनी ते एका बोटाने टाइप करायचं, हा मठाचा जुना शिरस्ता. बुवा हे बाबांचे पहिले शिष्य. हल्ली ते मशीन मध्येच गोठायचं. हल्ली बुवाही मध्येच थांबायचे. परवा आरतीत त्यांना तोंडपाठ ओळ आठवेना. सगळ्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

हेरंब मात्र इंजिनिअर. मोठी नोकरी सोडून आलेला, आणि ती सोडल्याचं कुणाला विसरू न देणारा.

आज सकाळी मशीन पुन्हा गोठलं. बुवा गडबडले, भलतंच बटण दाबलं, लिहिलेलं सगळं पुसलं गेलं. त्यावर न्याहारीच्या पंगतीत, सगळ्यांदेखत, हेरंब म्हणाला, “मशीनची मेमरी मी वाढवून देतो, बुवा. तुमची कुठून आणू?”

पंगत हसली. बुवाही हसले.

मग आपलं ताट घासून त्यांनी वळकटी बांधली, बाबांच्या पाया पडले आणि डोंगर उतरले. आता ते खाली फाट्यावर एसटीची वाट बघत बसले होते. ओसरीवरून दिसतही होते.

हेरंब तिकडे बघायचं टाळत होता.

“कशानं मेली?” बाबांनी विचारलं.

“माझ्या हातानं.”

“आपटलीस?”

“नाही हो. नुसता हात लागला.” हेरंब जरा चिडूनच म्हणाला. “घोंगडीवर बसलो होतो. कोरड्या थंडीत लोकर घासली की अंगात वीज साठते. स्वेटर काढताना तडतडतं ना, तीच. पट्टीला हात लावायच्या आधी लोखंडाला हात लावून ती उतरवायची असते.”

“मग?”

“सकाळी डोकं फिरलं होतं… राहून गेलं.”

“तुला झटका बसला?”

“छे! इतकी थोडी असते, की आपल्याला कळतसुद्धा नाही.”

“आणि हिला?”

“हिला तेवढी पुरते.”

बाबांनी पट्टी मुठीत धरली.

पलीकडच्या घाटातून एसटीची घरघर ऐकू येऊ लागली. अजून दोन वळणं होती.

हेरंबने ओसरीच्या लोखंडी खांबाला हात लावला आणि जरा जास्तच वेळ ठेवला. दुसरी पट्टी वेष्टनातून काढून कडेनं धरली. तिरकी करून खाचेत सरकवली. कमी दाबली तर बसायची नाही, जास्त दाबली तर मोडायची…

टक्.

दोन्ही बाजूंच्या कड्या जागेवर आल्या. त्यानं मशीन सुलटं केलं, बॅटरी घातली, बटण दाबलं.

काळा पडदा. काळाच.

हेरंबने बटणाकडे पुन्हा हात नेला.

आणि पडदा उजळला. नवी मेमरी मशीननं मुकाट्यानं मोजली, एकदाही न अडखळता.

“चालली! बाबा, चालली!”

कौतुकाच्या आशेनं त्यानं वर बघितलं. बाबांची नजर पडद्यावर नव्हतीच. ते खाली फाट्याकडे बघत होते.

“बाबा… इकडे बघा ना.”

“शिवदास चालला.”

“त्यात माझा काय दोष?” हेरंब उसळला. “एक वाक्य बोललो मी. तेसुद्धा थट्टेत. ते हसलेसुद्धा! तुम्ही बघितलंत ना, हसले ते?”

“बघितलं.”

“मग?”

बाबांनी खाली फाट्याकडे बोट केलं.

आता मात्र हेरंबला खाली बघावंच लागलं. बुवा उठले होते. वळकटी डोक्यावर घेत होते. ती एकदा निसटली, त्यांनी वाकून पुन्हा उचलली. मठात आल्या आल्या तो तापानं फणफणला होता, तेव्हा याच हातांनी त्याला पेज भरवली होती. तो माणूस आता या वयात जाणार कुठे? त्याचं दुसरं घर होतं तरी कुठे?

एसटीनं शेवटच्या वळणावर हॉर्न दिला.

हेरंब ताडकन उठला. चपला शोधायलाही थांबला नाही.

“मी थांबवतो त्यांना, बाबा. आत्ता पळत गेलो तर गाठीन. सांगतो, बुवा, माझ्या मनात तसं काही नव्हतं…”

“हेरंब.”

तो पायरीवर थबकला. खाली बस येऊन उभी राहिली होती. दार उघडलं होतं.

“बाबा, जाऊ द्या, बस सुटेल!”

सहजनाथबाबा सावकाश उठले. ती मेलेली पट्टी त्यांनी हेरंबच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं आपल्या हातानं मिटवली.

“आधी हिला सांगून बघ.”