शोकसभेतला ठेका

एका नगरीत एकदा एक फार लाडका नट वारला. भरल्या वयात वारला, त्यामुळे अकाली वगैरे म्हणण्याची सोय नव्हती. पडद्यावर तो नाचू लागला की आजोबा आणि नातू दोघांचेही पाय जागच्या जागी हलत. असा माणूस गेला म्हणून नगरी मनापासून हळहळली, आणि मग नगऱ्या जे करतात तेच तिने केले. शोकसभा ठेवली.

शोकसभा हा प्रकार मला कधी झेपलेला नाही. तिथे, गेलेला माणूस सोडून, बाकी सगळे हजर असतात. या सभेचा खर्च साड्यांच्या एका व्यापाऱ्याने उचलला होता. दिवंगताच्या नावाने नृत्यशाळा काढण्याचे त्याने जाहीर केले होते आणि तिचा आचार्य म्हणून एका तरुण नर्तकाचे नाव जवळजवळ नक्की झाले होते. त्या तरुणाने दिवंगताचे एक गाजलेले नृत्य मानेच्या हेलकाव्यासकट घोटले होते. सभेच्या शेवटी ते नीट पार पडले की शाळा आपली, असे तो धरून चालला होता, आणि त्यात त्याचे काही चुकत नव्हते.

या तरुणाचे गुरू म्हणजे एक वृद्ध नृत्याचार्य. दिवंगताची चित्रपटांतली बहुतेक नृत्ये त्यांनीच बसवलेली, म्हणून व्यासपीठावर त्यांना मानाची खुर्ची होती. गुरुजींचा स्वभाव शिष्याला ठाऊक होता. आज कोणाला काही बोलू नका, असे त्याने त्यांना येतानाच विनवून ठेवले होते.

भाषणे सुरू झाली. दिवंगत आपल्या दुकानाच्या उद्घाटनाला आले असता त्यांनी एका साडीची कशी तारीफ केली, हे व्यापाऱ्याने त्या साडीच्या काठापदराच्या वर्णनासह सांगितले. पुढाऱ्याने, दिवंगताच्या आणि आपल्या गावावरून एकच नदी वाहते असे सांगून, त्या नदीवर आपण बांधलेल्या पुलाकडे गाडी वळवली. एका नटाने स्वतःला पहिली भूमिका कशी मिळाली ते विस्ताराने सांगितले. त्या हकिकतीत दिवंगत एकदा दारातून डोकावून गेले, तेवढेच. जो तो आपलेच घोडे पुढे दामटत होता. वृद्ध आचार्य खुर्चीत चुळबुळत होते आणि शिष्य खालून त्यांना डोळ्यांनीच दटावत होता.

शेवटी दोन मिनिटे स्तब्ध उभे राहण्याची विनंती झाली. सभा उभी राहिली. आणि त्या शांततेत वृद्धाने आपली काठी व्यासपीठाच्या फळ्यांवर आपटायला सुरुवात केली. एका लयीत, संथपणे, कोणाकडेही न पाहता.

लोकांनी डोळे उघडले. व्यापारी मोठ्याने खाकरला. शिष्याने धावत वर जाऊन काठी धरली, तर वृद्धाने त्याचा हात झटकून टाकला. तेवढ्यात सभागृहाच्या दारापाशी, जिथे खुर्च्या संपल्या होत्या, तिथून हलक्या टाळ्या ऐकू आल्या. काही म्हाताऱ्या बायका तिथे उभ्या होत्या आणि काठीच्या ठेक्याला ठेका देत होत्या. त्यांना सभेला कोणी बोलावलेही नव्हते.

स्तब्धता कशीबशी संपली. व्यापाऱ्याने शिष्याला बाजूला घेऊन सांगितले की, तुमच्या गुरुजींचे आता वय झाले आहे, त्यांना बाहेर बसवा, आणि नृत्यशाळेचे आपण तुमचे नृत्य पाहून ठरवू.

बाहेरच्या व्हरांड्यात शिष्याचा संयम सुटला. "गुरुजी, दोन मिनिटं. फक्त दोन मिनिटं शांत उभं राहायचं होतं. एवढी वर्षं तुमच्या पायाशी बसलो, आज तोंडाशी आलेला घास तुम्हीच काढून घेताय."

"त्याला शांतता वाहतात," वृद्ध चिडूनच म्हणाले. "त्याला. तालमीत गाणं वाजवायचं यंत्र सारखं बंद पडायचं. गाणं थांबलं की बाकीचे नायक थांबायचे, खुर्चीत जाऊन चहा प्यायचे. मग सगळं पुन्हा पहिल्यापासून. नायकाचं काय जातं? मागच्या रांगेतल्या मुली सकाळपासून उभ्या असायच्या, त्यांच्या पायांचे तुकडे पडायचे. हा कधी थांबला नाही. गाणं बंद पडलं की हातानं ठेका धरायचा, नाचत राहायचा आणि तालीम पुरी करायचा. मी थांबलो तर या पोरींना पुन्हा नाचावं लागेल, म्हणायचा. दारापाशी टाळी दिली ना, ती हंसाबाई. त्या सगळ्या त्याच रांगेतल्या."

शिष्याने वळून दाराकडे पाहिले.

"मी अपमान करायला ठेका धरला नव्हता रे. त्याचा तो ठेका कोणाच्या लक्षात आहे, ते मला पाहायचं होतं. वर बसलेल्या एकालाही कळला नाही. तुलासुद्धा नाही. तू काठी धरलीस." वृद्धाने काठी भिंतीला टेकवली. "तो गेल्यापासून मला धड रडतासुद्धा आलेलं नाही."

आतून शिष्याच्या नावाचा पुकारा झाला. तो गेला, पण व्यासपीठाकडे न जाता आधी दाराकडे वळला. हंसाबाईंनी आढेवेढे घेतले. आता गुडघे राहिले नाहीत बाबा, म्हणाल्या. जमेल तेवढंच करा, असे म्हणत त्याने त्या सगळ्या बायकांना वर नेले, गाणे लावू नका म्हणून सांगितले, आणि स्वतः कडेला मांडी घालून ठेका धरला. बायका नाचू लागल्या. मध्येच हंसाबाई विसरल्या आणि गोंधळून थांबल्या. याने टाळी सोडली नाही. दोन आवर्तने तशीच गेली, मग त्यांचे पाऊल ठेक्यावर आले आणि नाच पुढे चालू झाला. तुमचे नृत्य कधी, म्हणून व्यापारी खालून हाताने विचारत होता. शिष्याचे तिकडे लक्ष नव्हते.

नृत्यशाळा अर्थातच दुसऱ्या कोणाला मिळाली. पण त्या दिवशी दारात उभे असलेले वृद्ध आचार्य उपरण्यात तोंड खुपसून पोटभर रडले, आणि त्या सभेत दिवंगतासाठी रडलेले ते पहिलेच गृहस्थ होते.

गेलेल्या माणसाविषयी बोलायला उभे राहण्यापूर्वी, त्याच्यामुळे कोणाचे कष्ट वाचले एवढे तरी विचारून यावे. आणि ते ठाऊक नसेल तर कृपा करून खाली बसावे.