पहिली ओळ आणि खालची सही

पाचवीला सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते, म्हणून पाळण्याशी कोरा कागद आणि पेन ठेवतात. सगुणाचं आधीचं लेकरू पाचवीलाच दगावलं होतं, त्यामुळे ती धास्तावलेली. त्यात घरात कागद एकच, आणि त्यावर तिनं अंगणवाडीतल्या नोकरीच्या अर्जाची सुरुवात लिहिलेली. तिथल्या बाईंनी बजावलं होतं, "पहिली ओळ दमदार लिही गं, पुढचं कोण वाचतंय!" शेवटी तिनं तोच कागद ठेवला.

तिन्हीसांजेला वारा नसताना दिव्याची ज्योत वाकली. पाळण्याशी एक म्हातारी उभी होती. भिंतीवर तिची सावली नव्हती.

"पोरीचं आयुष्य आजच्यापुरतंच लिहिते," ती म्हणाली. "आणि माझं लिहिलेलं मलासुद्धा पुसता येत नाही."

सगुणानं पाळण्याची दोरी घट्ट धरली. तेवढ्यात तिची नजर कागदावर गेली.

"लिहा, सटवाईआई. पण आधी तळाला सही करा. बिनसहीचा कागद आमच्या पंचायतीतसुद्धा कुणी मानत नाही."

"मला मानत नाही?" म्हातारीनं तोऱ्यात सही ठोकली.

"आता वरची ओळ वाचा."

"मी कुणाचं वाचत नसते!"

"मग मी वाचते, सातवी शिकलेय. 'मी, खाली सही करणारी, माझ्या हाती आलेलं लेकरू मोठं होईपर्यंत जिवापाड जपेन.'"

म्हातारीनं सही बोटानं घासून पाहिली. ती पुसली गेली नाही.

अर्ज सगुणानं दुसऱ्या कागदावर लिहिला. पोर आता रांगते. दिवेलागणीला सगुणा चुलीशी असते, तेव्हा पाळण्याची दोरी आपोआप हलते. ती मागं वळून बघत नाही.